पाच माणसं, एक जर्मन शेफर्ड आणि डिकीचा उंबरा

नाशिकच्या गंगापूर रोडवरचं पाच माणसांचं घर. माझा मित्र, वहिनी, आठवीतली मुलगी, चौथीतला मुलगा आणि मित्राची आई. त्यांना आम्ही सगळे काकू म्हणतो. वय बहात्तर, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. सहावा सोन्या. सात वर्षांचा जर्मन शेफर्ड, वजन ३६ किलो, खांद्यापाशी उंची ६३ सेंटीमीटर. या जातीच्या नराची उंची ६० ते ६५ सेंटीमीटर आणि वजन ३० ते ४० किलो धरतात, म्हणजे सोन्या काही अवाढव्य नाही, अगदी मापातला आहे. तरी त्याच्यासकट घर मावेल अशी गाडी मिळायला २०२५ च्या गणपतीपासून दिवाळी उजाडली.

आधीची गाडी हॅचबॅक. सोन्या पिल्लू होता तोवर पोरांच्या मधे बसायचा. मोठा झाल्यावर मागची सीट त्याची झाली आणि काकूंचं मळ्यात जाणं बंद पडलं. मळा दिंडोरीकडे, द्राक्षाचा. ऑक्टोबर छाटणीपासून माल निघेपर्यंत आठवड्याला दोन-तीन फेऱ्या ठरलेल्या. पेठ रोडला एकदा समोर रिक्षा आडवी आली, मित्राने कचकन ब्रेक मारला आणि सोन्या सीटवरून खाली पायांच्या जागेत कोसळला. लंगडायला लागला म्हणून एक्स-रे काढला, तर खुब्याचा सांधा आधीपासूनच झिजलेला. जर्मन शेफर्डमध्ये हे दुखणं नेहमीचं. डॉक्टरांनी सांगितलं, वजन वाढू देऊ नका आणि उड्या बंद. गाडीत चढतानाची नाही, उतरतानाची तर नाहीच.

मित्राची मागणी साधी होती: ‘एसयूव्ही बघू, मोठी. ऑन-रोड अठरा लाखांत बसली पाहिजे.’ मी अंबडला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात क्वालिटीत नोकरी केली आहे, त्यामुळे ओळखीत कुणी गाडी घ्यायला निघालं की मला सोबत धरतात. मी जाताना टेप नेतो, एवढंच.

लिटरचा घोळ

माहितीपत्रकात डिकी लिटरमध्ये असते. आम्ही बघितली तेव्हा क्रेटा आणि सेल्टॉसची ४३३, हेक्टरची ५८७, इनोव्हा हायक्रॉसची तिसरी रांग पाडल्यावर ९९१. आकडे खोटे नाहीत, पण ते मोजतात कसे हे बघा. प्रचलित जर्मन पद्धतीत २० बाय १० बाय ५ सेंटीमीटरचे, म्हणजे बरोबर एक लिटरचे ठोकळे डिकीत रचत जातात. जितके मावले तितके लिटर. चाकाच्या कमानीमागच्या खोबणीत चार ठोकळे बसले की चार लिटर वाढले. त्या खोबणीत सोन्याचा एक पंजाही जात नाही. शिवाय मोजणी खिडकीखालच्या झाकणापर्यंत केली की छतापर्यंत, हे प्रत्येक कंपनी सांगतेच असं नाही. त्यामुळे दोन कंपन्यांच्या लिटरची तुलना करायलाही मी कचरतो.

कुत्र्याला लागतात तीन मापं. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी, बसल्यावर जमिनीपासून कानाच्या टोकापर्यंत उंची आणि अंगाची मुटकुळी करून वळायला लागणारी रुंदी. सोन्याची लांबी १०१ भरली, बसल्यावर उंची ८४. बसल्यावरची ८४ देणारी डिकी या बजेटात मिळणं कठीण, हे मला आधीच दिसत होतं. कुत्रा प्रवासात बहुतेक वेळ आडवाच असतो, मान खाली घालून का होईना बसता आलं तरी पुरे, असं धरून आम्ही उंची ७५ वर आणली.

वहिनींनी इथे कमाल केली. शेजाऱ्यांकडून नव्या फ्रिजचं खोकं आणलं, कापून-चिकटवून १०० बाय ६५ बाय ७५ चा डबा केला, आणि मुलाने त्यावर स्केचपेनने सोन्याचं तोंड काढलं. तो डबा जुन्या गाडीच्या मागच्या सीटवर टाकून आम्ही मुंबई नाक्यापासून पाथर्डी फाट्यापर्यंतची शोरूम धुंडाळली. एका ठिकाणी सिक्युरिटीवाल्याने पार्सल समजून मागच्या गेटने जायला सांगितलं. सेल्समन मंडळी पहिल्यांदा हसायची, मग डबा आत गेला नाही की गंभीर व्हायची.

क्रेटाच्या गटातल्या गाड्यांत डबा उभा जात नव्हता. आडवा गेला, पण डिकीचं झाकण लागेना. कारण मागची काच. हल्ली बहुतेक गाड्यांचा मागचा भाग तिरका असतो. डिकी खाली फरशीपाशी लांब आणि वर खांद्याच्या उंचीला आखूड. टेप नेहमी फरशीवर टाकला जातो, आणि कुत्र्याचं डोकं असतं वर. म्हणून फरशीपासून ६० सेंटीमीटर उंचीवर सीटच्या पाठीपासून काचेपर्यंत किती अंतर उरतं ते मोजावं. पुष्कळ गाड्या या एका मापात बाद होतात, आणि ते माप कुठल्याच माहितीपत्रकात नसतं.

ग्रँड व्हिटारासारख्या गाडीत तर इंजिनाप्रमाणे डिकी बदलते. साध्या पेट्रोलला ३७३ लिटर, पेट्रोलसोबत बॅटरीवरही चालणाऱ्या स्ट्राँग हायब्रिडला २६५, कारण बॅटरी फरशीखाली बसवली आहे. सीएनजीचंही तसंच. मित्राचा मावसभाऊ एर्टिगा सीएनजीची फार शिफारस करत होता. मायलेजचं त्याचं गणित चोख होतं. पण टाकी डिकीत असते, आणि तिसरी रांग पाडली तरी मागे टाकीचा ओटा राहतोच.

चार मीटरची मेख

आपल्याकडच्या गाड्यांच्या शेपट्या कराने छाटल्या आहेत. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या किंवा डिझेल १५०० च्या आत असेल तर गाडी छोटी, नाहीतर मोठी. करात जमीन-अस्मानाचा फरक. म्हणून कंपन्या ३९९५ मिलिमीटरवर गाडी थांबवतात आणि ती कात्री डिकीवर चालते. माणसांचे गुडघे ग्राहकाला टेस्ट ड्राइव्हमध्येच कळतात, डिकी घरी गेल्यावर कळते. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर आले: छोट्यांना १८ टक्के, मोठ्यांना ४०, आणि वरचा सेस गेला. आधी मोठ्या एसयूव्हीवर २८ टक्के आणि २२ टक्के सेस मिळून ५० बसायचे. पंतप्रधानांनी १५ ऑगस्टला सूतोवाच केल्यावर अख्ख्या नाशिकने बुकिंग थांबवून ठेवलं होतं, आम्हीही. दसरा २ ऑक्टोबरला होता. त्या आधीच्या आठवड्यात शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, आणि डब्याकडे बघायला सेल्समनला वेळ नव्हता. आमचं काम दसऱ्यानंतरच पुढे सरकलं.

चार मीटरच्या आतली एकच गाडी यादीत टिकली: रेनोची ट्रायबर. तिची तिसरी रांग काढून घरी ठेवता येते, कंपनीनेच तशी सोय दिली आहे, आणि मग मागे ६२५ लिटर मिळतात. वहिनींना ती पटली होती आणि पैशाच्या हिशेबात तीच सगळ्यात प्रामाणिक गाडी. पण इंजिन एक लिटरचं, ७२ पीएसचं. पाच माणसं, ३६ किलोचा कुत्रा, येताना द्राक्षाच्या दोन-चार पेट्या. वर्षातून दोनदा ठाण्याला वहिनींच्या माहेरी, आणि परतताना कसारा घाट चढायचा. मित्र म्हणाला, ‘घाटात एसी बंद करायला लागला तर सोन्या मागून माझ्याकडेच बघत बसेल.’ ट्रायबर गेली.

जाता जाता एक गोष्ट. तिसरी रांग खोलून काढायची सोय मूळ गाडीत नसेल आणि एखादा गॅरेजवाला ‘नट खोलून सीट काढून देतो’ म्हणाला, तर तिथेच थांबा. आरसी बुकावर आसनसंख्या लिहिलेली असते. सीट कायमची काढणं म्हणजे गाडीत बदल, आणि विम्याच्या दाव्यात तो अंगावर येऊ शकतो. सीट पाडून ठेवायला कुणाची हरकत नाही.

सहा सीटवाली नको

पाच माणसं आणि मागे कुत्रा हवा असेल तर सात सीटची गाडी घेऊन तिसरी रांग पाडून ठेवायची, हे लवकरच ठरलं. यात एक खोडा आहे, तो बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. वरच्या व्हेरिएंटमध्ये मधल्या रांगेत दोन सुट्या खुर्च्या येतात, ज्यांना कॅप्टन सीट म्हणतात. दिसायला झकास. पण मग पुढे दोन, मधे दोन, आणि पाचवं माणूस तिसऱ्या रांगेत. म्हणजे अर्धी तिसरी रांग उघडी, आणि कुत्र्याला उरते अर्धी डिकी. शिवाय दोन खुर्च्यांच्या मधली फट सरळ पुढे ड्रायव्हरपर्यंत जाते. ब्रेक लागला की मागचा जीव त्याच बोगद्यातून पुढे येणार. आपल्याला मधे सलग बाकडंच हवं. मुलीला कॅप्टन सीट हवी होती, ती आठवडाभर फुगून बसली.

स्कॉर्पिओ-एन मित्राच्या मनात पहिल्यापासून होती. सातपूरच्या महिंद्राच्या कारखान्याच्या सायरनवर घड्याळ लावणाऱ्या पिढीतलं घर ते, त्यामुळे महिंद्राला आपोआप दहा गुण जास्त. गाडी दणकट आहेच. पण तिची तिसरी रांग फरशीत सपाट बसत नाही, आणि मागचं दार वर न उघडता बाजूला उघडतं. यांच्या सोसायटीत गाडी भिंतीला लावावी लागते. बाजूला उघडणाऱ्या दाराला मागे मोकळी जागा लागते. वर उघडणारं झाकण पावसात छत्री होतं आणि मे महिन्यात सावली. मळ्यावर कुत्र्याचे चिखलाचे पाय पुसताना ही सावली किती कामाची आहे, ते पुसणाऱ्यालाच ठाऊक.

शेवटी उरल्या तीन: महिंद्राची एक्सयूव्ही ७००, टाटाची सफारी आणि किया कॅरेन्स क्लॅव्हिस. तिघींत तिसरी रांग दोन तुकड्यांत सपाट पडते आणि तिघींत डबा गेला, झाकणही लागलं.

उंबरा

आता मात्र डबा पुरेना. सोन्या हवा होता. कुत्र्याला गाडीत चढवून बघायचं म्हटल्यावर एका शोरूमने सरळ नाही म्हणून सांगितलं, दुसऱ्याने ‘डिलिव्हरीनंतर बघा ना सर’ असं गोड उत्तर दिलं. दोन ठिकाणी मॅनेजर समजूतदार निघाले: संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर यार्डात या, चादर आणा. तिसरी गाडी ओळखीतल्या एकाची मागून आणली.

डिकीचा उंबरा म्हणजे झाकण उघडल्यावर ज्या कडेवरून सामान आत सरकवतो ती कड. दोन्ही मोठ्या गाड्यांचा उंबरा आमच्या टेपवर ७५ च्या पुढेमागे भरला, क्लॅव्हिसचा त्याहून बऱ्यापैकी खाली. दहा-बारा सेंटीमीटरचा फरक कागदावर किरकोळ वाटतो. रॅम्प लावला की कळतो. दुखऱ्या खुब्याच्या कुत्र्याला चढ वीस अंशांच्या आत असावा असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ७५ सेंटीमीटरच्या उंबऱ्याला वीस अंश साधायचे तर रॅम्प जवळजवळ २२० सेंटीमीटर लांब हवा. ६३ च्या उंबऱ्याला १८५ पुरतो. आणि घडी घातलेला रॅम्पही त्याच डिकीत, कुत्र्याच्या शेजारी ठेवायचा असतो! सव्वादोन मीटरचा रॅम्प दुमडून एकशे दहाचा होतो; तो आत टाकला की सोन्याने कुठे झोपायचं?

रॅम्प नसेल तेव्हा एक माणूस काय करू शकतो, तेही बघितलं. कुत्र्याचे पुढचे पाय उंबऱ्यावर ठेवायचे आणि मागून कुल्ल्याखाली दोन्ही हात घालून उचलायचं. उभ्या कुत्र्याचं साधारण साठ टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, त्यामुळे पुढचा भाग टेकवला की हातात निम्मंच येतं. वहिनींनी क्लॅव्हिसवर हे एकटीने केलं. सफारीवर केलं नाही. सोन्याचे पुढचे पायच नीट टेकत नव्हते, तो मागे सरकून खाली बसला आणि यार्डभर सगळ्यांचे बूट हुंगत फिरला.

त्याच संध्याकाळी काकूंनाही बसवून पाहिलं. ही गोष्ट लोक विसरतात, गाडी बघायला घरातल्या म्हाताऱ्या माणसाला नेतच नाहीत. सीट कंबरेच्या उंचीला असली की माणूस टेकतो आणि वळतो. वर असली की एक पाय पायरीवर, एक हात हँडलला, दुसऱ्या हातात निऱ्या. काकू एक्सयूव्हीत चढल्या, उतरताना मात्र मित्राचा खांदा लागला. क्लॅव्हिसमधून स्वतः उतरल्या आणि म्हणाल्या, ‘ही मला सांगते तरी, ये बस म्हणून.’

ताऱ्यांचा प्रश्न

इथे आमच्यात खरा वाद झाला. गाड्या धडकवून सुरक्षेचे तारे देणाऱ्या ग्लोबल एनकॅप आणि भारत एनकॅप या दोन्ही चाचण्यांत सफारीला पाच तारे, एक्सयूव्ही ७०० ला ग्लोबल एनकॅपचे पाच. क्लॅव्हिस ज्या कॅरेन्सवरून आली, तिला २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपने तीन तारे दिले होते. सहा एअरबॅग सगळ्या व्हेरिएंटमध्ये आहेत, पण एअरबॅग आणि सांगाडा या वेगळ्या गोष्टी. एर्टिगाला तर २०२४ च्या चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेसाठी एकच तारा मिळाला होता. ‘टॅक्सीवाली गाडी’ म्हणून मित्राने ती आधीच खोडली होती, मी ताऱ्यावरून खोडली.

माझं मत सफारीकडे होतं आणि आजही आहे. पायरी बसवता येते, रॅम्पची सवय लावता येते, सांगाडा नंतर बदलता येत नाही. मित्राचं म्हणणं वेगळं: अपघात होईल तेव्हा होईल, चढउतार आठवड्यातून सहादा होणार आहे; गाडी चढवत नाही म्हणून काकू आणि सोन्या पुन्हा घरीच राहिले तर घेतली कशाला? शिवाय सफारी अठरात बसवायची तर खालचं व्हेरिएंट घ्यावं लागत होतं. वहिनींनी क्लॅव्हिसवर बोट ठेवलं. रोज उचलणाऱ्याच्या मताला माझ्या मतापेक्षा वजन जास्त, म्हणून मी गप्प बसलो.

पेट्रोल की डिझेल, हे लवकर मिटलं. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या खासगी पेट्रोल गाडीला रोड टॅक्स १२ टक्के, डिझेलला १४. पंधरा लाखांच्या गाडीवर तीस हजारांचा फरक इथेच पडतो. त्यात रोजचं चालणं शाळा-बाजाराचं, आणि छोट्या फेऱ्यांत डिझेलच्या धूरगाळणीला स्वतःला साफ करायची संधी मिळत नाही. पेट्रोल टर्बो घेतली, सात सीटची. पाडव्याला, २२ ऑक्टोबरला, गाडी दारात आली. झेंडूच्या माळेतलं एक फूल सोन्याने तिथेच खाल्लं.

डिकीची खोली करताना

तिसरी रांग पाडल्यावर फरशी सपाट दिसते, पण मधल्या सीटची पाठ आणि पाडलेली सीट यांच्यात फट राहते, नेमकी पंजा अडकेल एवढी. फर्निचरवाल्याकडून १२ मिलिमीटरची प्लाय कापून घेतली, कडा घासून गोल केल्या, वर जिममध्ये अंथरतात ती रबरी चटई. प्लाय नुसती ठेवून चालत नाही. धडकेत तीच पात्यासारखी पुढे येते. चारही कोपऱ्यांना पट्टे लावून ती बांधली. दिंडोरीची काळी माती पावसाळ्यात पंजाला चिकटली की फेविकॉलसारखी बसते, म्हणून चटई दोन तुकड्यांत, एक धुवायला आणि एक गाडीत.

बांधण्याबद्दल मित्र जरा ढिला होता. त्याला हिशेब करून दाखवला. ताशी ५० किलोमीटरने चाललेली गाडी धडकून सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात थांबली, तर ३६ किलोचा सोन्या पुढच्या पाठीवर सुमारे ५०० किलोच्या जोराने आदळेल. त्या पाठीला टेकून दोन पोरं आणि आजी बसलेली असतील. मधे लोखंडी जाळी बसवली, छतापर्यंत. सोन्याला गळ्यातल्या पट्ट्याने कधीच बांधायचं नाही, छातीचा रुंद हार्नेस. आणि दोरी इतकीच लांब की उठून वळता येईल, उंबऱ्याबाहेर लटकता येणार नाही.

गरमीचं काम मात्र नशिबाने सोपं झालं. एसीची हवा डिकीपर्यंत पोचते का, हे कुणी तपासत नाही. पुढे थंडगार असतं आणि मागे कुत्रा धापा टाकत असतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो थंड होतो, आणि भोवतालची हवाच गरम असली की धापेचा उपयोग संपतो. या गाडीत छताला तिसऱ्या रांगेसाठी एसीची तोंडं आहेत. तिथे माणसं बसत नाहीत, त्यामुळे ती सरळ सोन्याच्या पाठीवर येतात. मागच्या काचांना जाळीचे पडदे लावले. आणि घरात नियम केला की गाडी बंद करून सोन्याला आत ठेवून कुणी दुकानात जायचं नाही, पाच मिनिटंही नाही, काच बोटभर उघडी ठेवूनही नाही. उन्हात बंद गाडी तासाभरात बाहेरपेक्षा वीस-बावीस अंशांनी तापते, आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. नाशिकचा एप्रिल चाळिशी गाठतो.

रॅम्पला सोन्या आधी घाबरला. फळी हलते, पायाखाली आवाज येतो. मुलीने तो हॉलमध्ये जमिनीवर सपाट टाकला आणि त्यावरून पोळीचे तुकडे ठेवत त्याला चालवलं. मग एका टोकाखाली पाट, मग स्टूल, मग ओट्याची पायरी. दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत तो गाडीवर चढायला लागला. उतरताना अजून घाई करतो, म्हणून उतरवताना मित्र शेजारी हार्नेस धरून उभा राहतो.

एक अडचण मिटलेली नाही. ठाण्याहून वहिनींचे आईवडील आले की माणसं सात होतात, तिसरी रांग उघडावी लागते, प्लाय आणि जाळी काढावी लागते, आणि सोन्या मळ्यातल्या गड्याकडे राहतो. त्यावर दोन गाड्यांनी जाणं एवढाच उपाय आहे, म्हणून जुनी हॅचबॅक मित्राने अजून विकायला काढलेली नाही.